दुसऱ्या माळ्यावर कंदील नाही

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

डॉक्टर म्हणाले, डोक्यात येईल ते लिहून काढा, बीपी खाली येईल. म्हणून ही डायरी. नियम एकच. यात सीमाचं नाव काढायचं नाही. ज्या बाईला सहा वर्षांत एक फोन करावासा वाटला नाही, तिच्यासाठी मी माझी शाई वाया घालवणार नाही.

आज लालबागला गेले होते. फक्त चिवड्यासाठी. चिवडा दादरलाही मिळतो हे उन्मेषने सांगायची गरज नव्हती. नवऱ्यांना दुकानं कळतात, चव कळत नाही.

चिवड्याच्या दुकानातून आमची जुनी चाळ समोर दिसते हा निव्वळ योगायोग. सगळ्या गॅलऱ्यांत कंदील. फक्त दुसऱ्या माळ्यावर, शेवटून दुसऱ्या खोलीसमोर काळोख. कंदील नाही, पणती नाही, दाराला तोरणसुद्धा नाही. तिथे माझी मोठी बहीण राहते. आणि आई.

मोठी बहीण म्हणजे सीमा. लग्न केलं नाही, शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, रिटायर झाली, आता फुल टाइम महान आहे. आळशीपणा बघा, वर्षाच्या सणाला एक कंदील लावता येत नाही.

नाव आलंच शेवटी. उद्यापासून नियम लागू.

१९ ऑक्टोबर

करंज्या तेलात फुटल्या. कालच्या त्या काळोखाचा विचार डोक्यात होता, त्यामुळे. म्हणजे याही करंज्या तिनेच फोडल्या.

भांडण कशावरून झालं ते एकदाच लिहिते आणि विषय बंद. पप्पा गेल्यावर असं ठरलं होतं की आई चार महिने तिच्याकडे, चार महिने माझ्याकडे. पहिली पाळी तिची, कारण आई होतीच तिथे. माझी पाळी आली तेव्हा नेमकं आमच्याकडे रंगकाम निघालं. रंगाच्या वासाचा म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो. याला काळजी म्हणतात. सीमाला ती कळली नाही. ती आईला आणि आईच्या बॅगेला घेऊन थेट आमच्या दारात. मी आंघोळीला गेले होते. आंघोळीत बेल ऐकू येत नाही. दोघी बराच वेळ जिन्यात बसून होत्या म्हणे, समोरच्यांनी पाणी दिलं. माझी आंघोळ जरा चालते. शेवटी सीमा दाराशी तोंड आणून म्हणाली, तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. हे मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

रंग सुकल्यावर मी आईला आणणारच होते. मग कोविड आला. मग कोविड गेला. फोन तिने करायला हवा होता, मोठी ती आहे.

विषय बंद.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

अभ्यंगस्नान उरकून पुन्हा लालबागला. चकलीची भाजणी कमी पडली होती. (पडली नव्हती. पण पडली असती.)

आणि आज जे पाहिलं ते लिहायलाच हवं. शेजारची कमलाबाई हातात झाकलेलं ताट घेऊन आमच्या खोलीत शिरली आणि रिकामं ताट घेऊन बाहेर आली. रिकामं! फराळाचं ताट कधी रिकामं परत जात नाही, त्यात आपल्याकडचं काहीतरी घालून देतात. रिकामं कधी जातं? घरात काही तळलेलं नसेल तेव्हा. घरात तळण कधी नसतं? वर्षभरात कोणी गेलं असेल तेव्हा. अशा घरी कंदील लावत नाहीत, कढई चढवत नाहीत, शेजारीपाजारी फराळ नेऊन देतात. सगळं जुळलं.

त्या घरात माणसं दोन. सीमा तर मला गॅलरीत टॉवेल वाळत घालताना दिसली. चांगली धडधाकट. वजनही वाढलंय.

म्हणजे आई.

घरी येऊन उन्मेषला सांगितलं. तो शेवेचा बकाणा भरून म्हणाला, फोन करून विचार ना. याला काही कळत नाही. संशयिताला आधी फोन केला की तो सावध होतो. मी इतक्या क्राइम सिरीज बघते ते काही टाइमपास म्हणून नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

रडू आलं नाही. मी आतून स्ट्राँग आहे. पण राग इतका आलाय की पूजेत हळद आणि कुंकू एकाच वाटीत ओतलं.

आई गेली आणि मला कळवलं नाही. का? मी सायकॉलॉजिकल अँगलने विचार केला. सीमाला लहानपणापासून सगळं एकटीला हवं. गॅलरीतली खाट एकटीला, पप्पांच्या सायकलची पुढची सीट एकटीला. आता आईचं जाणंसुद्धा एकटीला. सगळ्या चाळीने येऊन हिच्याच पाठीवर हात ठेवायचा, किती केलंस गं आईचं, म्हणायचं. त्यात मी रडायला आले असते तर वाटणी झाली असती. मी जास्त चांगली रडते हे तिला माहीत आहे.

की त्याहून काही भयंकर? आई आपणहून गेली की हिने काही... नको. सणाच्या दिवशी नको.

आईचा फोटो शोधला. मोबाइलमध्ये एकही नाही. मोबाइल तीनदा बदलला, त्यात गेले.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज चौकशी सुरू केली. उन्मेषच्या नवीन नंबरवरून, आवाज बदलून सीमाला फोन लावला. म्हटलं, मॅडम, ज्येष्ठ नागरिक सर्व्हेतून बोलतोय, आपल्या घरात सीनियर सिटिझन किती?

ती म्हणाली, एक. आणि ठेवला.

एक! सीमा स्वतः एकसष्ट वर्षांची आहे. ती एक. म्हणजे आई नाही. उन्मेष म्हणाला, बायका स्वतःला धरत नाहीत, एक म्हणजे आईच. मी त्याला पाडव्याचं ओवाळायचं राहिलं होतं ते तसंच राहू दिलं.

२५ ऑक्टोबर

कमलाबाईला लालबागच्या भाजीबाजारात गाठलं. साक्षीदाराला एकटं गाठायचं असतं. ती मेथी निवडत होती. मी मागून खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हटलं, कमलाबाई, खरं सांगा, कधी गेली?

बाई वळली. मला बघितलं आणि पांढरीफटक पडली. मेथीची जुडी हातातून सुटली. 'देवा रामेश्वरा, तू?' एवढंच म्हणाली, पदर तोंडात धरला आणि त्या गर्दीतून अशी पळाली की पिशवीसुद्धा मागेच. गुडघे बदललेली बाई!

एवढी घाबरते म्हणजे सामील आहे. सीमाने तिला काहीतरी देऊन गप्प बसवलं असणार. काय दिलं असेल? आईच्या नऊवारी? त्यातली हिरवी माझी आहे.

मेथी मी घेऊन आले. रात्री भाजी केली. उन्मेषला सांगितलं नाही कुठली.

२९ ऑक्टोबर

पोलीस चौकीत जाऊन आले. हवालदार तरुण होता, चेहऱ्यावरून हुशार वाटला होता. त्याला सगळं सांगितलं, कंदील, ताट, सर्व्हे, मेथी. त्याने विचारलं, आईला शेवटचं कधी बघितलं? मी म्हटलं, सहा वर्षं झाली. त्याने पेन खाली ठेवलं. मग विचारलं, राहता कुठे? म्हटलं, दादरला. आणि आई? लालबागला. तो म्हणाला, 'मॅडम, बसचं दहा रुपयांचं तिकीट... जाऊ दे. दुसऱ्या माळ्यावर जाऊन दार वाजवा ना.'

मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. तो म्हणाला, इथे तर चालत आलात.

ही आपली यंत्रणा. मी बाहेर पडताना तो दुसऱ्या हवालदाराला काहीतरी बोलला आणि दोघे हसले. नाव टिपून घेणार होते, पण चष्मा नव्हता.

२ नोव्हेंबर

आज गेले. स्वतः. कोणाच्या मदतीशिवाय.

चिवड्याच्या दुकानातून लक्ष ठेवलं. सीमा पिशवी घेऊन बाहेर पडली, औषधांच्या दुकानाच्या दिशेने. लगेच जिना चढले. चाळीत दिवसा दारं उघडीच असतात. पडदा बाजूला केला.

आई खाटेवर बसून लसूण सोलत होती.

मी तशीच उभी. आई जिवंत आहे. लगेच दुसरा विचार, आता ती सगळी थिअरी गेली. मग राग. मेली नाही तर मग दिवाळी का नाही केली? लोकांना असं घाबरवतात?

आईने डोळे बारीक करून बघितलं. खूप बारीक झालीये, हाताच्या शिरा वर आल्यात. मी केस कापलेत, कलर केलाय, चष्मा लागलाय. ती म्हणाली, 'कोण गो? कमलाकडे इलंस? ती बाजारात गेली. बस.'

मी बसले. ओळखलं नाही याचं वाईट वाटून घेतलं नाही. मोतीबिंदू असेल. सीमाने ऑपरेशन केलं नसणार, तेवढी अक्कल कुठली.

आई म्हणाली, 'तुका द्यायला फराळ नाय हां. यंदा आमच्यात दिवाळी नाय. धाकटी गेली.'

मी विचारलं, धाकटी कोण? खरं सांगते, त्या क्षणी डोक्यात आलं की आम्हाला तिसरी बहीण होती आणि हे दोघींपासून... निदान माझ्यापासून लपवून ठेवलं गेलं. हे एखाद्या सिरीजमध्ये शोभलं असतं.

'नलू,' आई म्हणाली.

नलू मी आहे.

आई लसूण सोलतच होती. म्हणाली, 'दादराक मोठ्या घरात होती. माका घेऊन जाणार होती. घराक रंग काढल्यान होतो, तो सुकलो की नेणार होती. मधीच गेली. माझी बॅग भरलेलीच होती गो. तिकडच्यांनी कळवूक पण नाय. सीमान सांगल्यान तेव्हा कळलां.' मग विचारलं, 'तुका मुलगी आसा?'

मी बोलणार होते. अगदी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मी उठून दुसऱ्या जिन्याने खाली उतरले. पावलं सीमाची नव्हती, दूधवाल्याची होती. पण धोका पत्करून चालत नाही.

कमलाबाई बाजारात का पळाली ते आता कळलं. तिने भूत बघितलं. मी एका भुताला शोभेल अशी वागले हे मात्र खरं, कारण मेथीही घेऊन आले.

३ नोव्हेंबर

केस सुटली. खून झालाय. माझा. खुनी सीमा. जिवंत माणसाला मारून टाकलं, त्याच्या नावाने चाळीला रडवलं, आयता फराळ खाल्ला! डोकं ठणकतंय. बीपी एकशे सत्तर. डायरीचा काही उपयोग नाही.

उन्मेषला सांगितलं तर तो हसला नाही. मला वाटलं हसेल. मग म्हणाला, तुला बेल ऐकू आली होती ना गं तेव्हा? मी विचारलं, कुठली बेल? आणि पोळ्या करायला गेले.

ठराव: सीमाला भेटायचं. आवाज चढवायचा नाही. फक्त उत्तर मागायचं.

५ नोव्हेंबर

भेटलो. दादरला, स्टेशनजवळच्या उडप्याकडे. मी आवाज चढवला नाही. वेटर दोनदा आला तो आपणहून.

सीमा बसल्या बसल्या म्हणाली, 'सर्व्हेवाली तूच ना? अजून बायकी आवाज पुरुषी करायला जातेस आणि बोकडासारखा येतो.' सुरुवातच अशी.

मी विचारलं, मला मारलंस का? तिने इडलीचा तुकडा मोडला आणि सांगायला लागली. तिच्या शब्दांत लिहिते, नंतर ती फिरवेल.

'रोज सकाळी आई बॅग भरायची. रोज. दोन लुगडी, कंगवा, विष्णुसहस्रनामाची पोथी. भरून दाराशी बसायची. रंग सुकला का गं नलूचा? मी म्हणायचे, सुकेल. रात्री मी बॅग रिकामी करायचे, सकाळी ती पुन्हा भरायची. पाच वर्षं, नलू. मी शाळेतून रिटायर झाले ते हे बघायला. गेल्या वर्षी मार्गशीर्षात मला ताप होता. तिने पुन्हा विचारलं, नलू कधी येणार. माझ्या तोंडून निघालं, नाही येणार, गेली ती. मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत आहे. तिने काय ऐकलं ते तिला. ती रडायला लागली. मी दुसऱ्या दिवशी सांगायला गेले की अगं तसं नाही. पण तिने बॅग स्वतःच्या हाताने रिकामी करून पोटमाळ्यावर टाकली होती. त्या दिवसापासून ती दाराशी बसत नाही. दोन वेळ जेवते. झोपते.'

मी म्हटलं, नियमाने बघितलं तर लग्न झालेल्या मुलीचं माहेरी तीनच दिवस सुतक असतं, वर्षभर पाळतात का? ती म्हणाली, 'ते आईला जाऊन सांग.'

मी म्हटलं, हे पाप आहे. मी उद्याच येऊन जिवंत होणार. ती म्हणाली, 'हो. पण मग घेऊन जायचं. चार महिने नाही, दोन महिने ने, पण ने. तू जिवंत झालीस की ती पुन्हा बॅग भरणार. नेणार असशील तर ये. नसशील तर मेलेलीच बरी आहेस.'

एका सख्ख्या बहिणीचे शब्द. बिल तिने दिलं, तेही मला कमी लेखायला.

६ नोव्हेंबर

ठरलं. आईला आणायचं. प्रश्नच नाही. मी काय सीमासारखी दगड आहे?

मागची छोटी खोली देता येईल. उन्मेष म्हणाला, उद्याच आणू, मी टॅक्सी करतो. पुरुषांना वाटतं माणूस आणायचं म्हणजे फ्रिज आणल्यासारखं. संडासाची पायरी उंच आहे. खिडकीतून वारा येतो. खोलीच्या भिंतींचे पोपडे आलेत, अशा खोलीत म्हाताऱ्या माणसाला ठेवायचं?

आधी रंग काढावा लागेल.

उन्मेष जेवता जेवता उठून गेला. काय झालं कळलं नाही. भाजी बरी झाली होती.

११ नोव्हेंबर

कुशाबा रंगारी आला. भिंत बघून म्हणाला, ताई, दोन दिवसांचं काम. मी म्हटलं, घाई नको, नीट कर. कलरची शेड ठरवायला वेळ लागणार. आईला काय आवडेल याचा विचार करावा लागतो. एक फिकट पिवळा आहे, एक त्याहून फिकट पिवळा.

१४ नोव्हेंबर

कुशाबाने काम संपवलंसुद्धा. हल्ली लोकांना हातातल्या कामाबद्दल प्रेमच नाही. मी दुसरा हात मारायला सांगितला. तो म्हणाला, मारलाय. तिसरा? तो उन्मेषकडे बघायला लागला. उन्मेषने त्याला पैसे दिले आणि जायला सांगितलं.

खोली रिकामी आहे. वासही नाही. आजकालच्या रंगांना वास येत नाही म्हणे. आधी माहीत असतं तर बरं.

१७ नोव्हेंबर

रात्री नीट झोप नाही. संडासाच्या पायरीला उन्मेषने लाकडी ठोकळा बसवला, दांडी पण लावली. मला न विचारता. चांगली बसलीय.

खरं लिहायचं तर लिहिते, कोण वाचणार आहे. मला आईची भीती वाटते. ती सारखी हाक मारेल, रात्री उठवेल, मी चिडेन, ती माझ्याकडे बघेल. सीमाला हे जमतं कारण तिला दुसरं काही नाही. असं मी नेहमी म्हणते.

पण ती लसूण सोलत होती ना, तेव्हा पाकळीचं साल पदरात टाकत होती. खाली कचरा नको म्हणून. ते डोळ्यांसमोरून जात नाही. मला ती हवी आहे. माझ्या घरात. बस.

१९ नोव्हेंबर

सीमाचा फोन. सहा वर्षांत पहिला. मी तिसऱ्या रिंगला उचलला, लगेच उचलला असं वाटायला नको.

वर्ष होतंय. माझं. पुढच्या आठवड्यात. आईच्या मनात आहे की नलू नवऱ्याच्या मागे नाही, पुढे गेली, भरल्या कपाळाने गेली, म्हणून तिच्या नावाने सवाष्ण जेवायला घालायची, साडी नेसवायची, ओटी भरायची. तिच्या सासरचे काही करणार नाहीत, आपण करू. चाळीतल्या कोणाला सांगू, असं सीमाने विचारलं तर आई म्हणाली, 'ती दिवाळीनंतर इली होती ती, केस कापलेली. तिका बोलव. गप बसून ऐकत होती बिचारी.'

सीमा म्हणाली, 'तर ये. भूक लावून ये.' हसली बहुतेक. लहानपणी माझी वेणी खिडकीला बांधायची तेव्हा अशीच हसायची.

मी आधी भडकले. मग लख्ख उजेड पडला. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? सगळ्यांसमोर, कमलाबाईसमोर, मी पानावर बसणार आणि सांगणार, आई, मी नलू, चल. खाली टॅक्सी. वर सीमाचा चेहरा. ती बघत राहील आणि मी आईचा हात धरून जिना उतरेन.

खाटेवर नवी गादी घातली. उशाला पाण्याचा तांब्या ठेवला. उन्मेषला म्हटलं, बघ. तो म्हणाला, तू सांगशील ना पण नक्की? काय पण प्रश्न.

२७ नोव्हेंबर, दुपार

सगळं क्रमाने लिहिते.

अकरा वाजता पोहोचले. टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवलं, सांगितलं, वयस्कर बाई आहे, बॅग आहे, हळू चालवा. तो म्हणाला, फिकर मत करो.

वर पाट मांडला होता, भोवती रांगोळी. कमलाबाईला आता सगळं माहीत आहे, ती माझ्याकडे बघून गालात हसत होती आणि मेथीबद्दल काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. आई स्वतः हळदकुंकू लावत नाही, म्हणून कमलाबाईने लावलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळू, आणि नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, म्हणजे शिरवाळे. आई पानाजवळ बसून सारखी सीमाला सांगत होती, 'शिरवाळे आणखी वाढ तिका. नलूक आवडत.' मला ते आवडतात हे मीच विसरले होते. तीनदा घेतले.

ओटी भरली. साडी दिली, जांभळी. सीमा म्हणाली, आईने दुकानात तासभर घालवला, नलूला जांभळाच शोभायचा म्हणून. सीमा हे कुजकटपणे म्हणाली नाही. का कोण जाणे.

मग मी आईच्या पुढ्यात बसले. तिचे दोन्ही हात हातात घेतले. लसणाचा वास होता. आणि सांगितलं. खरंच सांगितलं. म्हटलं, आई, मी नलू आहे. मेले नाही. खोली तयार केलीय. चल घरी.

सीमा हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

आईने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. हात सोडवून घेतले नाहीत. मग मान हलवली आणि अगदी समजुतीने, लहान पोराला सांगावं तशी म्हणाली, 'नाय गो बाय. आमची नलू "चल घरी" म्हणणाऱ्यातली नाय होती.'

मी पुन्हा म्हटलं, आई, मीच. पप्पांचं नाव सांगितलं, गॅलरीतल्या खाटेचं सांगितलं. तिने माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, 'सीमान सांगितल्यान असणार तुका. माका बरां वाटूक म्हणून बोलतंस. पण मेलेल्या माणसाबद्दल खोटां बोलू नये. तू कोण तां खरां सांग.'

मी सीमाकडे बघितलं. तिने काहीतरी बोलावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मला तिची मदत हवी होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी बघेल. तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आई वाट बघत होती. मी म्हटलं, शांता. पलीकडच्या इमारतीत राहते.

आईचा चेहरा मोकळा झाला. 'शांता,' ती म्हणाली. 'तुझी आई आसा?'

आहे, म्हटलं.

'मग तिका सांभाळ हां.'

हो, म्हटलं.

दारापर्यंत सोडायला आली, खांबाला धरून. जिना उतरले. टॅक्सीवाल्याने डिकी उघडून ठेवली होती. माझ्या मागे बघून म्हणाला, मॅडम, आई येणार होत्या ना?

म्हटलं, नाही. एकटीच आहे. चला.